राष्ट्रीय सेवा योजना ते परदेशातील स्वयंसेवा : दिव्यांग तरुणांसह सर्वांसाठी माहिती

समाजसेवेतून शिकण्याची संधी सर्व तरुणांना आहे. मात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना ‘शिबिर तुला झेपणार नाही’ असे सांगून घरी बसवले जाते, तर ‘परदेशात स्वयंसेवेला पाठवतो’ असे सांगून काही दलाल पैसे उकळतात. दोन्ही टाळण्यासाठी पुढील माहिती वाचा.

राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे काय?

ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. केंद्रीय युवक कार्यक्रम व क्रीडा मंत्रालय ती राबवते. तुम्ही कोणत्याही राज्यात शिकत असा, तुमच्या महाविद्यालयात या योजनेचे एकक असल्यास कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे नाव नोंदवा.

तुम्हाला काय करावे लागते?

• दरवर्षी 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास नियमित काम.
• दत्तक गावात किंवा वस्तीत 7 दिवसांचे एक विशेष शिबिर.
• केलेल्या कामाची कार्य डायरीत नोंद.

तास व शिबिर पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. डायरीत नुसते ‘वृक्षारोपण केले’ असे लिहू नका. किती घरांना भेट दिली, कोणती अडचण आली, ती कशी सोडवली, हे लिहा. पुढे मुलाखतीत हीच नोंद उपयोगी पडते.

दिव्यांग विद्यार्थ्यांना सहभागी होता येते का?

होय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 भेदभावाला मनाई करतो आणि वाजवी सोयी करून देण्याची जबाबदारी सांगतो. या कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे येतात.

शिबिराआधीच लेखी अर्ज द्या. तळमजल्यावर मुक्काम, वापरण्याजोगे स्वच्छतागृह, सांकेतिक भाषेचा दुभाषी, सोबत मदतनीस यांपैकी काय लागेल ते स्पष्ट लिहा आणि अर्जाची पोच घ्या. यूडीआयडी कार्ड असल्यास त्याची प्रत जोडा.

काम कोणते करायचे, हे तुमच्याशी बोलून ठरले पाहिजे. व्हीलचेअरवरील विद्यार्थी घरोघरच्या पाहणीची माहिती संकलित करू शकतो. दृष्टिहीन विद्यार्थिनी गटचर्चा चालवू शकते. ‘तू बसून राहा, प्रमाणपत्र देऊ’ याला समावेश म्हणत नाहीत, कारण त्यात शिकणे होत नाही. दाद न मिळाल्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

महाविद्यालयात शिकत नसल्यास?

‘माय भारत’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर 15 ते 29 वयोगटातील तरुणांना मोफत नोंदणी करता येते. हा उपक्रम 31 ऑक्टोबर 2023 रोजी सुरू झाला. जवळपासच्या स्वयंसेवेच्या संधी तेथे दिसतात.

परदेशात सेवा करायची असल्यास?

संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम 1970 साली स्थापन झाला. त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. त्यातील युवा स्वयंसेवक गट 18 ते 26 वर्षे वयासाठी आहे. अर्ज त्यांच्या ऑनलाइन मंचावर स्वतः करायचा असतो. अर्जासाठी शुल्क नाही. निवड झाल्यास मासिक निर्वाह भत्ता व विमा मिळतो. दिव्यांग उमेदवारांनी अर्जातच आपल्या गरजा नोंदवाव्यात.

निघण्यापूर्वी काय तपासाल?

1. पासपोर्ट : अर्ज सरकारी पासपोर्ट सेवा पोर्टलवरच करा. नावाची नोंद सर्व कागदपत्रांवर सारखी असावी.
2. व्हिसा : अनेक देशांत पर्यटक व्हिसावर, विनामोबदलासुद्धा, काम करण्यास मनाई असते. ‘पर्यटक व्हिसावर जा, कोणी विचारत नाही’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पकडले गेल्यास परत पाठवले जाते आणि पुढचा व्हिसा मिळणे कठीण होते.
3. लेखी पत्र : काम, कालावधी, राहणे, जेवण, विमा आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे पत्रात असावे.
4. मूळ कागदपत्रे : पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात ठेवू नका. त्याची प्रत घरच्यांकडे द्या.

फसवणूक झाल्यास?

ऑनलाइन पैसे गेले असल्यास लगेच 1930 या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. परदेशात अडचण आल्यास तेथील भारतीय दूतावासाशी संपर्क साधा किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.

लक्षात ठेवा

परदेशी जाण्याची तयारी गावातल्या कामापासून होते. दोन वर्षांच्या नोंदी, एक पूर्ण शिबिर आणि लोकांशी बोलण्याचा सराव एवढे तुमच्याकडे असेल, तर दलालाची गरज उरत नाही. आधी आपल्या महाविद्यालयातील कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा.