कादोरेचे गॉगल

उत्तर इटलीतील डोलोमाइट पर्वतराजीत, पियावे नदीच्या खोऱ्यात वसलेल्या कादोरे मुलखात आंजेलो फ्रेस्कुरा या गृहस्थांनी 1878 साली चष्म्यांचा कारखाना काढला, आणि ज्या डोंगराळ प्रदेशातील माणसे पोटासाठी परमुलुखी जात, तो प्रदेश कालांतराने चष्म्यांसाठीच विख्यात झाला. त्याच बेल्लुनो जिल्ह्यात, आगोर्दो येथे, 1961 साली लिओनार्दो देल वेक्कियो यांनी लक्सोटिका ही पुढे जगड्व्याळ झालेली पेढी स्थापन केली.

उंची गॉगलची चौकट बहुधा सेल्युलोज ॲसिटेटची असते. सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या आखूड तंतूंपासून अथवा लाकडाच्या लगद्यापासून सिद्ध होणारे हे द्रव्य रंग मिसळून मळतात, लाटतात आणि त्याचे तक्ते पाडतात. तक्त्यातून यंत्र चौकट कोरून काढते, तिच्या आतल्या कडेला भिंगासाठी खाच पाडते, आणि तापवून मऊ केलेल्या काडीच्या पोटात धातूची तार घुसवते. इतके होऊनही चौकट निस्तेज व खरबरीतच असते. म्हणून लाकडाच्या बारीक ठोकळ्यांसह आणि घर्षक लेपासह ती पिंपात घालून ते पिंप दिवसचे दिवस फिरते ठेवतात, आणि अखेरची झिलई कारागीर कापडी चाकावर स्वहस्ते देतो. कोपऱ्यात राहिलेला ओरखडा त्याचे बोटच प्रथम हेरते.

भिंगाची पारख मात्र बोटालाही होत नाही आणि डोळ्यालाही नाही. पॉलिकार्बोनेटचे दाणे वितळवून साच्यात दाबाने भरतात. सीआर-39 नामक द्रवरूप राळ दोन काचेच्या साच्यांमध्ये ओतून भट्टीत तासन्‌तास घट्ट होऊ देतात व मग तप्त रंगात बुडवितात. पाण्यावरून वा रस्त्यावरून उसळणारी तिरीप अडवायची असेल, तर ताणून एकाच दिशेने रेणू लावलेला व आयोडीनने रंगविलेला पातळ पापुद्रा भिंगात बसवितात.

परंतु रंग आणि रक्षण या दोन स्वतंत्र बाबी होत. अतिनील किरण शोषणारे द्रव्य भिंगात नसेल, तर गडद रंगाच्या आड बाहुली विस्फारते आणि ते किरण अधिकच आत शिरतात. उलट, रंगहीन पॉलिकार्बोनेटही त्यांतील बहुतांश अडविते. सबब, गॉगल घेताना काळेपणावर भिस्त न ठेवता भिंग 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण रोखते की नाही, याची चष्मेवाल्याकडील यंत्रावर खातरजमा करून घ्यावी. चौकटीची झिलई आवडीपुरती पाहावी.