खाडीतले नाना परीचे मासे

वाळवा तालुक्यातल्या माणसाला खाडीशी काय करायचे आहे, असे कोणी म्हणेल. इस्लामपूरहून समुद्र लांब. मध्ये सह्याद्री आडवा. पण आपले थोडेथोडके नव्हे, पुष्कळ पाणी खाडीला जाते बरं का! ते कसे, ते आधी सांगतो.

कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते. ते पाणी बहे, बोरगाववरून पुढे वाहते. पण कोयनेचे सगळे पाणी इकडे येत नाही. कोयना धरण १०५ टीएमसीचे. त्यातले वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी डोंगराच्या पोटातून, बोगद्याने कोकणात सोडतात. १९६२ पासून त्या पाण्यावर पोफळीला वीज तयार होते. वीज झाली की ते पाणी वाशिष्ठी नदीत पडते, चिपळूणवरून पुढे जाते आणि दाभोळला समुद्राला मिळते.

नदी समुद्राला मिळते तिथे खाडी असते. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. तेव्हा खारे पाणी नदीत वर चढते. ओहोटीला उतरते. गोडे आणि खारे मिसळून पाणी मचूळ होते. काठाला चिखल, चिखलात तिवराची झाडे. त्यांच्या मुळांत माशांची आणि कोळंबीची पिल्ले लपतात, वाढतात. म्हणून खाडी म्हणजे समुद्राचा पाळणाच म्हणा ना!

अशा पाण्यात नाना परीचे जीव राहतात. बोय, शिंगाळा, जिताडा, तांबोशी हे मासे. कोळंबी आणि चिंबोऱ्या. खडकाला चिकटलेली कालवे, वाळूतल्या तिसऱ्या. चिखलावर उड्या मारणारा निवटा तर मासा की बेडूक, असा प्रश्न पडावा! भोई, खारवी, दालदी हे लोक पिढ्यान्‌पिढ्या यांवर जगत आले. कालवे आणि तिसऱ्या काढण्याचे काम बहुतेक बायकांचे.

या खाडीच्या वरच्या अंगाला, खेड तालुक्यात, लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून नळाने खाडीत येते. ते नीट शुद्ध होत नाही, मासे मरतात, अशी खाडीकाठच्या लोकांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे.

मासा मरतो कसा? माशालाही श्वास लागतो. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. चांगल्या पाण्यात तो लिटरला ७-८ मिलिग्रॅम असतो. घाण कुजू लागली की कुजवणारे जंतू तो खाऊन टाकतात. तो ३-४ च्या खाली आला की पुष्कळ मासे गुदमरतात. शिवाय खाडीतली घाण एका ओहोटीत समुद्रात जात नाही. पुढच्या भरतीला बरीचशी परत वर येते.

पण सगळे मासे एकदम मरत नाहीत. इथेच माणूस फसतो. नाजूक मासे आधी जातात. चिवट मागे राहतात. जाळे भरते, टोपलीही भरते. पण टोपलीत दोन-तीनच प्रकार! आपल्याकडे ज्वारी, तूर, हुलगा जाऊन नुसता ऊस राहिला तर काय होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. एका वर्षी उसाला रोग पडला की घर बसते. खाडीचेही तसेच. एक मासा पावसाळ्यात, दुसरा हिवाळ्यात, अशी बाराही महिने पाळी असते. पाळी तुटली की भोयाची चूल काही महिने विझते.

कालवांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना पळता येत नाही. ती पाणी आत ओढतात, गाळून अन्न ठेवतात आणि पाणी सोडतात. दिवसाला कित्येक घागरी पाणी एक कालव गाळते. मग पाण्यातले शिसे, पारा हेही अंगात साठते. रोगजंतू उकळल्याने मरतात. शिसे, पारा कितीही उकळा, जात नाही. जपानात मिनामाता येथे कारखान्याचा पारा समुद्रात जात होता. तिथले मासे, शिंपल्या खाऊन माणसांचे हातपाय लुळे पडले, पुष्कळ दगावली. १९५६ साली हा रोग उघडकीस आला.

आणि आपली कृष्णा? २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ अंकली येथे मेलेल्या माशांचा खच पडला होता. नदीत चिलापी पुष्कळ सापडते, म्हणून नदी चांगली असे समजू नका. चिलापी आफ्रिकेतून आणलेली, फार चिवट. मरळ तर तोंड वर काढून हवाच घेते. बाकीचे मासे किती परीचे उरले, ते पाहायला हवे.

आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. जाळ्यात कोणकोणते मासे आले, त्यांची नावे महिन्याच्या महिन्याला लिहा. कोणते दिसेनासे झाले, तेही लिहा. मासे मेलेले दिसले तर ते विकू नका, खाऊ नका. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग आणि वास लिहा. चार जणांच्या सह्या घ्या. हा कागद ग्रामपंचायतीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कचेरीत त्याच दिवशी द्या, आणि पोच मागून घ्या. पाणी वाहते आहे. दोन दिवसांनी नमुना घ्यायला आले तर त्यात काय सापडणार?