महागडी पावडर नको, ताटातली भाजी हवी

'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आता आपल्या वस्त्यांमध्येही पोहोचला आहे. प्रतिकारशक्ती वाढते, कॅन्सर होत नाही, असे सांगून महागड्या गोळ्या आणि पावडरी विकल्या जातात. त्यात कष्टाचा पैसा जातो. म्हणून यामागचे विज्ञान आपण नीट समजून घेतले पाहिजे.

अन्नापासून ऊर्जा तयार होताना शरीरात 'मुक्त मूलके' नावाचे अस्थिर रेणू तयार होतात. तंबाखू आणि धुरामुळे ते वाढतात. त्यांच्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. ती जोडी पूर्ण करण्याच्या ओढीत ते पेशींना आणि डीएनएला इजा करतात. अँटिऑक्सिडंट द्रव्ये आपला इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतात. कापलेले सफरचंद हवेतील ऑक्सिजनमुळे तपकिरी पडते. लिंबू चोळले की पडत नाही. लिंबातील आम्ल आणि क जीवनसत्त्व तिथे काम करते.

ऊन आणि कीड यांच्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी वनस्पती अशी अनेक द्रव्ये बनवतात. ज्वारीच्या कोंड्यात फिनॉलिक द्रव्ये असतात, कांद्यात क्वेर्सेटिन, जांभळात आणि वांग्याच्या जांभळ्या सालीत अँथोसायनिन, शेवग्याच्या पाल्यात बीटा-कॅरोटीन. आवळा आणि पेरू यांत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असते.

मग तेच द्रव्य गोळीतून घेतले तर? फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. 1994 साली त्याचे निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रमाण 18 टक्के जास्त आढळले! भाजीत एकच द्रव्य नसते. तंतू, खनिजे आणि इतर शेकडो घटक सोबत असतात. ते सगळे एका गोळीत येत नाही.

छत्रपती संभाजीनगरात नागसेनवन किंवा विद्यापीठ परिसरात खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. ज्वारीचे पीठ चाळून कोंडा टाकू नका. शेवग्याचा पाला थोड्या तेलात परता, म्हणजे त्यातील कॅरोटीन अंगी लागते. लिंबू भाजी शिजल्यावर पिळा, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका. चहातील टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही, तर लिंबू त्याला मदत करते. रक्तक्षय असलेल्या आपल्या भगिनींसाठी हे फार महत्त्वाचे आहे.

भाकरी आणि पालेभाजीला 'गरिबांचे अन्न' म्हणून हिणवले गेले. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष जाहीर केले आणि तीच ज्वारी-बाजरी मॉलमध्ये चकचकीत पाकिटांत दिसू लागली. आपल्या ताटाची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही.

मात्र भाजी हेही औषध नव्हे. आजारात डॉक्टरांचे उपचार सोडू नयेत. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. कार्यकर्त्यांनी विहारातील बैठकांमध्ये हा विषय जरूर घ्यावा. पावडर विकणाऱ्याला एवढेच विचारावे: हे कोणावर तपासले, किती जणांवर, आणि निष्कर्ष काय आला?