लोखंडाचा हिरवा रंग : जपानची सेलाडॉन भांडी



ऑक्सिडीकरण आणि क्षपण हे शब्द मुले पाठ करतात. आमच्या हिंदी पुस्तकांत क्षपणाला ‘अपचयन’ म्हणत, पाठ करण्याचा त्रास मात्र तोच. हे क्षपण डोळ्यांनी पाहायचे असेल तर जपानमधील एखाद्या घरी जेवणाची वेळ गाठावी. तिथे भाताच्या वाटीवर ते पसरलेले असते.

ही वाटी सेलाडॉनची. जपानी भाषेत तिला ‘सेजी’ म्हणतात. रंग कोवळ्या पानासारखा, कधी निळसर, कधी राखाडीकडे झुकणारा. निळा म्हणावा की हिरवा, हा वाद जपानी माणूस घालत नाही. त्याच्या ‘आओ’ या जुन्या शब्दात दोन्ही रंग मावतात. सिग्नलच्या हिरव्या दिव्यालाही तो ‘आओ’च म्हणतो.

आता गंमत पाहा. या भांड्यावर हिरवा रंग लावलेलाच नसतो. भांड्यावर काचेसारखी जी झिलई चढवतात, तिच्यात लोह असते, तेही अगदी थोडे, साधारण १ ते ३ टक्के. भट्टीत भरपूर हवा मिळाली तर हेच लोह पिवळट किंवा तपकिरी दिसते. म्हणून सुमारे १२५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीची हवा कारागीर मुद्दाम कमी करतो. जळणाला ऑक्सिजन अपुरा पडतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो झिलईतल्या लोहाच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन ओढून घेतो. क्षपण झालेले हे लोह हिरवा-निळा रंग देते. हवा थोडी अधिक झाली तरी रंग बिघडतो, आणि भट्टी उघडेपर्यंत कळत नाही! झिलईचे थरही एकावर एक जाड द्यावे लागतात, तेव्हाच त्या रंगाला पाण्यासारखी खोली येते. एका भट्टीतल्या दोन वाट्याही हुबेहूब सारख्या निघत नाहीत. हाताने घडवलेल्या वाटीची किंमत कारखान्यातल्या वाटीपेक्षा जास्त का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

ही विद्या मूळची चीनची. सोंग राजवटीत (इ. स. ९६० ते १२७९) लोंगच्युआन येथील हिरवी भांडी दूरदूर जात. ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरावरून अरब-इराणी लोक त्यांना ‘मर्तबानी’ म्हणू लागले. हिंदीत लोणच्याच्या बरणीला आपण मर्तबान म्हणतो ते याच बंदरामुळे. विषारी अन्न वाढले की हे भांडे रंग बदलते, असाही समज होता. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील सेलाडॉनबद्दल ही कथा आजही सांगतात. अर्थात, तसे काही होत नाही.

जपानमध्ये या भांड्यांना किती मान होता पाहा. शोगुन आशिकागा योशिमासा (१४३६ ते १४९०) याच्याकडे एक चिनी सेलाडॉन वाडगा होता. तो तडकला. १७२७ साली लिहिलेल्या वृत्तांतानुसार, तसाच दुसरा मिळावा म्हणून त्याने तो चीनला पाठवला. पण तिथे तसे काम करणारे उरले नव्हते. चिन्यांनी तडेवर धातूचे टाके घालून तोच वाडगा परत केला. टाके टोळासारखे दिसतात म्हणून त्याचे नाव ‘बाकोहान’ पडले. टाक्यांसकट तो आज टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पुढे जपानने स्वतःचे सेलाडॉन घडवले. क्यूशू बेटावरील इमारीजवळ ओकावाचियामा या डोंगराळ गावात सेलाडॉनला लागणारा दगडच सापडतो. १६७५ च्या सुमारास नाबेशिमा सरदारांनी आपली भट्टी तिथे नेली आणि गुपित फुटू नये म्हणून गावाच्या वाटेवर चौकी बसवली. माल बाजारात नसे. शोगुनला आणि इतर सरदारांना भेट म्हणून जाई. १८७१ मध्ये सरदारक्या संपल्या, तेव्हा कारागिरांचा आश्रयदाता गेला आणि त्यांना सामान्य गिऱ्हाइकाकडे वळावे लागले. आमच्या मते या कलेचे त्यात भलेच झाले. शोगुनच्या ताटातली वस्तू साध्या घरात आली.

घरात आल्यावर कसोटी वेगळी. जपानी माणूस वाटी हातात उचलून, तोंडाजवळ नेऊन जेवतो. त्यामुळे वजन, काठाची जाडी आणि बुडाची कडी बोटांना बरोबर लागली पाहिजे. पुष्कळ घरांत प्रत्येकाची भाताची वाटी वेगळी असते.

काही सेलाडॉनवर बारीक रेषांचे जाळे दिसते. भट्टी निवताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते, त्याने हे जाळे पडते. नवे भांडे कधी कधी टिणटिण वाजते ते त्यामुळेच. रोजच्या वापराने चहाचा रंग या रेषांत मुरतो. जपानी लोकांना तो आवडतो. अन्न वाढण्यापूर्वी असे भांडे थोडा वेळ पाण्यात ठेवतात, म्हणजे डाग कमी धरतो. आपल्या वरणाची हळद मात्र पाण्यालाही दाद देणार नाही, तेव्हा अशी वाटी कोणाच्या घरी आलीच तर तिच्यात दहीभात खावा.