कामाचा एक जबाबदार माणूस हवा

'प्रॉजेक्ट मॅनेजर' म्हटले की आपल्या राजुरा-गडचांदूर भागात सिमेंटचे कारखाने आठवतात. हे पद मोठ्या कंपन्यांचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे व्यापारी बांधवांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशात, ठरलेल्या दर्जाचे काम पुरे करून देतो तो प्रॉजेक्ट मॅनेजर. दुकानाच्या मॅनेजरच्या कामाला शेवटची तारीख नसते; याच्या कामाला असते.

कोकण रेल्वेचेच पाहा. १९९० साली महामंडळ स्थापन झाले व ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग, वाटेत डोंगर, नद्या आणि खोल दऱ्या. मुदत पाच वर्षांची. मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला गेला. गोव्यात मार्गावरून वाद झाला, मऊ मातीचे बोगदे ढासळले, मुदत लांबली. पण एका विभागाची अडचण दुसऱ्याला लागली नाही. उडुपी-मंगळूर व रोहा-वीर हे भाग १९९३ मध्येच सुरू झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सलग मार्गावर गाडी धावली. कोणत्या तुकड्याचा जाब कोणाला विचारायचा, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

आता आपल्या धंद्याकडे या. शाळेच्या गणवेशाची ऑर्डर मिळाली. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. आमच्या पाहण्यातील एका ठिकाणी पाच भागीदार होते. बटणे दुसऱ्याने मागवली असतील, असे प्रत्येकाने धरले. शर्ट शिवून पडले, शाळा उघडली, बिलात कपात झाली. नुकसान भागीदारांचे झालेच, पण कारागिरांची मजुरीही अडकली.

अशा कामात एकाच माणसाने पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. ऑर्डर लेखी घ्यावी. माप, रंग, नग, तारीख सर्व नोंदवावे.

२. शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यावे. कापड केव्हा, कटिंग केव्हा, शिलाई केव्हा, काज-बटण व इस्त्री केव्हा. पावसासाठी चार दिवस हाती ठेवावेत.

३. सगळे कापड एकाच लॉटचे घ्यावे, नाहीतर रंगात फरक पडतो. आधी तुकडा धुऊन पाहावा. आटणारे कापड कटिंगनंतर कळून उपयोग नाही.

४. आगाऊ रक्कम ही अमानत आहे. तिचा हिशेब वेगळा ठेवावा, मजुरी दर आठवड्याला चुकती करावी.

५. उशीर होणार असे दिसताच गिऱ्हाइकाला सांगावे.

मात्र जबाबदारी दिली तर अधिकारही द्यावा. शंभर रुपयांच्या दोऱ्यासाठी ज्याला पाच जणांना विचारावे लागते, त्याच्याकडून वेळेवर मालाची अपेक्षा करू नये. तो भाऊ असो वा भाचा, त्याचा मेहनताना आधी ठरवावा. पुढची ऑर्डर घेताना कागदावर रकमेच्या आधी त्या एका माणसाचे नाव लिहावे.