एमआरआयला जाण्याआधी वजन करून घ्या

"सिस्टर, त्या मशीनमध्ये माणूस आतून भाजतो म्हणतात, खरं का?" वस्तीतल्या एका मावशींनी विचारलं. कंबरेचं जुनं दुखणं, डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिलेला आणि चिठ्ठी दीड महिना पत्र्याच्या पेटीत पडून. मी म्हटलं, "अंग थोडं तापतं हे खरं आहे. पण किती तापू द्यायचं, याचा हिशेब मशीन बनवतानाच केलेला असतो." तो हिशेब कसा होतो हे आपल्यालाही कळायला हवं, कारण त्यातला एक आकडा आपल्या हातात आहे.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो. त्यात तारांची वेटोळी असतात, त्यांना कॉइल म्हणतात. तारेतून वीज गेली की भोवती चुंबकत्व तयार होतं. घरातल्या पंख्याची मोटरही त्यावरच फिरते. मशीनमधली मोठी कॉइल कायम चालू असते. नेहमीच्या मशीनमध्ये तिचं चुंबकत्व १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. दुसऱ्या कॉइलमुळे तो धडधड आवाज येतो. तिसरी कॉइल रेडिओलहरी सोडते. तिच्यातल्या विजेची लहर सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा वरखाली होते. अंग तापतं ते या तिसरीमुळे.

आता ती कॉइल किती तापवेल हे बघायला जिवंत माणसाच्या यकृतात थर्मामीटर तर खुपसता येत नाही. म्हणून इंजिनिअर आधी संगणकात कॉइल उभी करतात. तिचा आकार, तांबं, किती वीज सोडायची, सगळं भरतात. मग तिच्या आत एक संगणकी माणूस झोपवतात. हा माणूस खऱ्या माणसाच्या एमआरआय चित्रांवरून बनवलेला असतो. त्याचे काही मिलिमीटरचे बारीक चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला सांगतात: तू स्नायू, तू हाड, तू चरबी. स्नायूतून वीज सहज जाते, चरबीतून कमी. मग संगणक एकेका तुकड्यात किती उष्णता साठते ते मोजतो आणि जास्त तापणारी जागा पडद्यावर लाल दिसते. एवढ्यावरही विश्वास ठेवत नाहीत. माणसाच्या मापाच्या डब्यात खारट जेल भरून, खऱ्या कॉइलमध्ये ठेवून पडताळा घेतात.

हे संगणकी देह कुणाचे, हा प्रश्न मला पडलाच. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं एक कुटुंब जगभर वापरलं जातं. त्यातला 'ड्यूक' ३४ वर्षांचा, सुमारे ७० किलोचा. 'एला' २६ वर्षांची, सुमारे ५८ किलोची. जपानने आपल्या लोकांच्या मापाचे 'तारो' आणि 'हानाको' बनवले. आपल्या वस्तीतली चाळीस-बेचाळीस किलोची बाई एलापेक्षा बरीच हलकी आहे. म्हणून तिचं खरं वजन मशीनला कळणं जास्तच गरजेचं.

कारण आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे नेहमीच्या तपासणीत शरीराच्या दर किलोमागे सरासरी २ वॅट इतकीच ऊर्जा जाऊ देतात. किलो किती, हे मशीन स्वतः मोजत नाही. तंत्रज्ञ टाइप करतो तेच ते खरं मानतं. ६० टाकलं तर १२० वॅटपर्यंत मुभा. आत झोपलेली बाई ४२ किलोची असेल तर तेच तिला किलोमागे २.८ च्या वर पडतात. तेवढ्याने कुणी लगेच भाजत नाही. पण तिला ताप असेल, ती बेशुद्ध असेल, गरम होतंय हे सांगू शकत नसेल, तर?

वॉर्डात असताना मी स्वतः असा अंदाजे आकडा लिहिला आहे. काटा दुसऱ्या मजल्यावर होता, बाई स्ट्रेचरवर होती, गर्दी होती. तिला काही झालं नाही. पण त्या आकड्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता, कुणी शिकवलाही नव्हता.

तर नागरी आरोग्य केंद्रात जाऊन त्याच आठवड्यातलं वजन चिठ्ठीवर लिहून आणा. अंगणवाडीतही मोठ्यांचा काटा असतो. मशीनवर झोपल्यावर हाताची बोटं एकमेकांत गुंतवू नका, उघड्या मांड्या किंवा पोटऱ्या एकमेकींना चिकटू देऊ नका. कातडीला कातडी लागली की शरीराचंच एक वेटोळं तयार होतं आणि त्यातली वीज टेकलेल्या जागेवर एकवटते. चटके बसतात ते बहुधा अशाच जागी, नाहीतर केबल अंगाला टेकल्यावर. मध्ये कापडाची घडी किंवा पॅड मागून घ्या.

जोडवी, करदोडा, केसातल्या पिना, ब्लाऊजला लावलेली सेफ्टी पिन, जरीची साडी, सगळं बाहेर. पेसमेकर, शस्त्रक्रियेत बसवलेली पट्टी किंवा क्लिप, तांबी असेल तर विचारायची वाट न पाहता सांगा. सोबत जाणाऱ्यांनीही हे पाळायचं. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एक तरुण नातेवाइकासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढलं आणि तो दगावला. मशीन चालू दिसत नसलं तरी ती मोठी कॉइल चालूच असते.

आत जाताना हातात रबरी चेंडू देतात. गरम लागलं, टोचलं, घाबरल्यासारखं झालं तर तो दाबायचा. मावशींना मी हे दोनदा सांगितलं, कारण "लोक काय म्हणतील" म्हणून त्या गप्प राहतील याची मला खात्री होती. त्यांचं वजन भरलं ४१ किलो. चिठ्ठीवर मी ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे.