साक्षीदार एकटा पडू नये

हिटलरच्या छळछावणीतून ऑटो फ्रँक एकटेच परतले. पत्नी व दोन्ही मुली गेल्या. धाकट्या अ‍ॅनची रोजनिशी त्यांनी १९४७ साली छापून जगापुढे साक्ष ठेवली.

खैरलांजीचे भैयालाल भोतमांगेही असेच एकटे उरले. पत्नी सुरेखा व मुलगी प्रियंका यांनी एका मारहाणीची साक्ष दिली. त्याच रागातून २९ सप्टेंबर २००६ रोजी त्या दोघी आणि सुधीर, रोशन ही मुले मारली गेली. भैयालाल २०१७ मध्ये वारले, तोवर न्याय मागत राहिले.

आणि आपल्या नगर जिल्ह्यात? खर्ड्याच्या नितीन आगेचा २०१४ साली खून झाला. साक्षीदार फुटले, २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

श्रीगोंद्याच्या बंधुभगिनींनो, पाहिले तेच कोर्टात सांगा. साक्षीदाराबरबर सगळी वस्ती कोर्टात गेली पाहिजे. जयभीम!